एक व्यक्ती अजून आत आहे

१

सुग्रीवचा दिवस बायकोच्या बोलण्याने उजाडायचा. अंजना तांबडं फुटायच्या आत उठायची आणि उठल्या उठल्या कुणाला तरी फैलावर घ्यायची. कधी मेंढरांच्या जाळीची दोरी सैल बांधणाऱ्या नवऱ्याला, कधी पिण्याच्या पाण्यात तोंड घालणाऱ्या एडक्याला, तर कधी वडवणीच्या फाट्यावर हात करूनही गाडी न थांबवणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला, जो त्या वेळी आपल्या घरी गाढ झोपलेला असायचा. सुग्रीव घोंगडीतून हे सगळं ऐकत पडायचा. त्याचा स्वभाव 'जाऊ दे'चा. उभ्या संसारात त्याने कधी आवाज चढवला नव्हता. चढवायला शिल्लकच राहायचा नाही. घरातला सगळा राग अंजना एकटी वापरून टाकायची.

अलीकडे त्या रागाला धड कारणही मिळालं होतं. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव होता, आणि मेंढरं पाण्यावर न्यायची जुनी पाणंद होती. भागवतराव म्हणजे गावचे मोठे जमीनदार. सोसायटीपासून पंचायत समितीपर्यंत त्यांचा शब्द खाली पडत नसे. त्यांनी तिथली जमीन घेऊन 'मौजनगरी' उभी केली. घसरगुंड्या, पाळणे, लाटांचं तळं. पाणंद कुंपणाच्या आत गेली. तलावाचं पाणीही आत गेलं. मेंढरांना आता पार ओढ्याच्या डोहापर्यंत हाकावं लागायचं, आणि कोकरं वाटेतच माना टाकायची.

गावाने हळहळ केली आणि गाव गप्प बसलं. अंजना बसली नाही. ती जेसीबीपुढे आडवी झाली, तिने तहसीलदाराच्या टेबलावर मेलेलं कोकरू नेऊन ठेवलं. अखेर पाणंदीचा विषय ग्रामसभेत घ्यायचं ठरलं. बोलणारी ती एकटीच होती, हे तिला माहीत होतं आणि भागवतरावांनाही.

सभेच्या आधीच्या आठवड्यात भागवतरावांचा माणूस दारात आला. मौजनगरीत तिघांना फुकट प्रवेश. निरोप असा की, वहिनींनी एकदा डोळ्यांनी बघावं, मग खुशाल भांडावं.

"जाऊ दे, कशाला जायचं," सुग्रीव म्हणाला.

"कावून न्हाई जायचं? आमचं पानी कुठं दाबून ठिवलंय ते बघून येते. मंग सभेत बोलते."

२

रविवारी ते तिघं गेले. सुग्रीव, अंजना आणि सून योगिता. मुलगा अंगद पुण्याला कामाला होता; योगिताला त्याला फोटो पाठवायचे होते, म्हणून ती नवी साडी नेसली होती.

मागच्या हंगामात तिथे कागदाचं तिकीट होतं. या वर्षीपासून मनगटाला पट्टा बांधायला सुरुवात झाली होती. निळा, रबरासारखा, मध्ये बोटाच्या नखाएवढी काळी टिकली. खिडकीत संस्कृती नावाची मुलगी होती, गावातल्याच पोस्टमनची. तिने सुग्रीवचा मोबाइल नंबर घेतला, यंत्रात घातला आणि समजावून सांगितलं. पट्टा दाखवला की फाटक उघडतं, पट्टा दाखवला की कपाट उघडतं, खाऊसुद्धा पट्ट्यावरच. जाताना बाहेरच्या फाटकावर यंत्राने काढून घ्यायचा. मधे निघत नाही.

"निघत न्हाई म्हंजी?" अंजनाने हात मागे घेतला.

"हरवू नये म्हणून, काकू. सगळ्यांनाच बांधतात."

"शेळीच्या कानात सरकार बिल्ला ठोकतंय, तशातली गत झाली ही. मी काय इकायला आणलेली हाय व्हय?"

मागे रांग लागली होती. लोक चुळबुळ करायला लागले. योगिताने सासूचा हात हळूच पुढे केला, आणि संस्कृतीने पट्टा बांधला. कट् असा बारीक आवाज झाला. सुग्रीवला तो आवाज आवडला नाही, पण त्यानेही आपला हात पुढे केला.

आत माणसांचा समुद्र होता. सुग्रीव एका छत्रीखाली बसून राहिला. अंजना कुंपणाच्या कडेकडेने चालत राहिली, बोटाने दाखवत राहिली. इथून पाणंद जात व्हती. इथं बाभळ व्हती. तलाव सापडला तेव्हा ती थांबली. त्याला निळा रंग दिला होता, तळाला फरशी होती, आणि एका टोकाला भोंगा वाजला की पाणी आपोआप उसळायचं. पोरं किंचाळत होती. अंजनाने वाकून ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला आणि थुंकली.

"औषिद घातलंय. मेंढरू तोंड बी लावायचं न्हाई." तिचं लुगडं काठापाशी भिजलं होतं. "जरा पिळून येते," म्हणून ती बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीकडे गेली.

यायला तिने बराच वेळ लावला. भोंगा पुन्हा पुन्हा वाजला. योगिता बघून यायला उठली, तेवढ्यात अंजना आली. नखशिखान्त भिजलेली. केस पाठीवर मोकळे.

"पडलीस का काय?" सुग्रीवने विचारलं.

"असू द्या," ती म्हणाली. "चला घरी."

बाहेरच्या फाटकावर यंत्राने सुग्रीवचा पट्टा काढला, योगिताचा काढला. दिवा हिरवा झाला. अंजनाने हात पुढे केला, तर मनगट मोकळं होतं.

संस्कृती गोंधळली. "काकू, पट्टा कुठंय?"

अंजना तिच्याकडे बघून हसली.

"आत पडला असेल," संस्कृती स्वतःशीच म्हणाली आणि किल्लीने फाटक उघडून दिलं. निघत नाही म्हणून सांगितलेला पट्टा पडला कसा, हे तेव्हा कुणीच विचारलं नाही. विचारणारं माणूस घरात एकच होतं.

३

संध्याकाळी सुग्रीवच्या फोनवर निरोप आला. योगिताने वाचून दाखवला.

"'आपल्या गटातील एक व्यक्ती अजून आत आहे. कृपया बाहेरच्या फाटकाकडे यावे.' पट्ट्यामुळं असंल, मामा. यंत्राला कळलं नसंल."

सुग्रीवलाही तसंच वाटलं. चुलीपाशी अंजना भाकरी थापत होती. पीठ संपत आलं होतं, तवा वाकडा बसला होता, लाकूड ओलं निघालं होतं. एरवी यातल्या एकेका गोष्टीवर अर्धा तास गेला असता. ती डोळे पुसत शांतपणे थापत राहिली.

दुसऱ्या दिवशी सुग्रीवला उशिरा जाग आली. ऊन अंगावर आलं होतं. आपल्याला कुणी उठवलं कसं नाही, म्हणून तो बाहेर आला, तर अंजना जाळीपाशी उभी होती. एडका पिण्याच्या घमेल्यात पाय घालून उभा होता आणि ती त्याच्याकडे बघत होती.

"अगं, हाकल की त्याला."

"असू द्या."

फोन वाजला. आपल्या गटातील एक व्यक्ती अजून आत आहे.

दमली असेल, असं सुग्रीवने मनाशी धरलं. त्या औषधाच्या पाण्यात पडून अंगात कणकण भरली असेल. त्याने कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. कपाळ गार होतं, माठासारखं गार. तिने त्याचा हात तसाच राहू दिला, आणि तो स्वतःच ओशाळून मागे सरला.

योगिता मात्र खुश होती. "आत्या किती निवांत झाल्यात, मामा. काल माझ्या हातनं दुधाचं पातेलं उपडं झालं, तर म्हन्ल्या, असू दे बाळा. मला 'बाळा' कवा म्हनल्या व्हत्या का त्या?"

शेजारणीही म्हणाल्या की, बदल मानवला. एकीने तर विचारलं, तिथलं पाणी कुठल्या देवाचं आहे.

सुग्रीव हसल्यासारखं करायचा. रोज दिवस उजाडताना तो घोंगडीत डोळे मिटून पडायचा आणि वाट बघायचा. घरात भांडं वाजायचं, झाडू फिरायचा, पावलं वाजायची. बोलणं तेवढं नसायचं. मग फोन थरथरायचा, आणि तो स्वतःच एकेक अक्षर लावत वाचायचा. एक. व्यक्ती. अजून. आत. आहे.

त्याच्या पोटात काहीतरी तापायला लागलं होतं. त्याला वाटलं, पित्त असेल.

४

ग्रामसभा मारुतीच्या पारावर भरली. भागवतराव पांढऱ्या कपड्यांत, पुढच्या खुर्चीवर. पाणंदीचा विषय निघाला तशा सगळ्यांच्या माना अंजनाकडे वळल्या. काहींनी तर ऐकायला बरं पडावं म्हणून जवळची जागा धरली होती.

अंजना उठली. पदर सारखा केला.

"मालकांनी चांगलंच केलंय," ती म्हणाली. "पाणंदीचं काय, लांबून जाऊ. माझी काही तक्रार न्हाई."

मग मागून कुणीतरी टाळी वाजवली, आणि सगळ्यांनीच वाजवली. भागवतराव अर्धवट उठले, हात जोडले आणि म्हणाले, "वहिनींचं मन मोठं हाय." विषय संपला.

सुग्रीव तिच्या तोंडाकडे बघत होता. तेच नाक, तीच हनुवटीवरची गोंदणाची टिकली. तेच दात. त्या तोंडात मेलेल्या कोकराची आठवण कुठेच नव्हती. बोलताना तिने एकदाही श्वास घेतल्यासारखं त्याला वाटलं नाही. पण हे त्याने आपल्या मनाला मानू दिलं नाही, कारण माणूस रागात असला की काहीही दिसतं.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं की तो रागात आहे.

तो उठला. "ही..." तो म्हणाला, आणि पुढे काय बोलायचं ते त्याला सुचेना. माझी बायको अशी बोलत न्हाई, असं भरसभेत कसं म्हणायचं? बायको गोड बोलते म्हणून तक्रार करणारा नवरा कुणी पाहिलाय? लोक हसायला लागले.

अंजनाने त्याच्या मनगटावर हात ठेवला. गार. "चला घरी," ती म्हणाली.

"तू जा," सुग्रीव म्हणाला. "माझं काम हाय."

५

तो पायीच मौजनगरीवर गेला. उन्हं कलायला वेळ होता. आठवड्याचा मधला दिवस म्हणून गर्दी नव्हती. शाळेची एक सहल परत निघाली होती. पोरं रांगेत बसमध्ये चढत होती, कुणी कुणाला ढकलत नव्हतं. मास्तर कौतुकाने म्हणत होते, कशी शहाण्यासारखी वागतायत.

खिडकीत संस्कृतीच होती. सुग्रीवने फोन तिच्यापुढे आदळला.

"हे बंद कर."

तिने निरोप वाचले. यंत्रात नंबर घातला आणि भुवया आक्रसल्या. "काका, हा पट्टा चालू दिसतोय. तळ्याकडं, बायकांच्या खोलीपाशी."

"पडलाय म्हनलीस ना तू?"

"पडलेला दिसत नाही यात. मनगटावर असला तरच दिसतो. काढला की विझतो." तिने खालचा ओठ चावला. "यंत्राची चूक असेल. पुण्याच्या ऑफिसला कळवावं लागतं. तुम्ही ॲपवर तक्रार टाका."

"पोरी, मला ॲप येत न्हाई. मला तोंड येतंय. माझ्या बायकोला तुमी आत ठिवून घेतलंय आन् मला सांगताय, तक्रार टाका?"

"काकू घरी गेल्या की. मीच फाटक उघडलं."

"मंग आत कोन हाय?"

तिचं बोट यंत्रावर तसंच राहिलं. सुग्रीव वाकून बघायला लागला, तर तिने यंत्राचा पडदा पटकन दुसरीकडे वळवला. पण तेवढ्यात त्याला दिसलं. खोलीपाशी एकच ठिपका नव्हता. तिथे ठिपक्यांचा थवा होता, गुळाला मुंग्या लागाव्यात तसा.

"ते सगळे जुने आहेत," संस्कृती घाईघाईने म्हणाली. "नवीन मशीन आहे ना. पुसले जात नाहीत."

"मला आत जायचंय."

"पट्टा घातल्याशिवाय सोडता येत नाही, काका."

सुग्रीवला कळत होतं की इथून परत फिरावं. घरी जेवण तयार असेल, कुणी काही बोलणार नाही, आयुष्यभर कुणी काही बोलणार नाही. त्याने बाही वर केली आणि हात खिडकीतून आत घातला.

कट्.

६

आत कुणीच नव्हतं. खांबांवरच्या भोंग्यांतून गाणं चाललं होतं. घसरगुंड्यांवरून पाणी एकटंच घसरत होतं. सुग्रीव चालत राहिला, आणि चालताना स्वतःलाच समजावत राहिला. पट्टा कुठंतरी खिळ्याला अडकला असंल. तो घ्यायचा, त्या संस्कृतीच्या तोंडावर फेकायचा, घरी जायचं.

तळ्याचा भोंगा वाजला. पाणी उसळलं. पोहणारं कुणी नसताना लाटा काठावर येऊन आपटत राहिल्या.

बायकांच्या खोलीबाहेर तो थांबला. असल्या जागी पुरुषाने जाऊ नये, म्हणून त्याने आधी खाकरलं. मग हाक मारली. "कोन हाय का आत?"

लाटांचा आवाज ओसरला, तसं त्याला ऐकू यायला लागलं. आधी वाटलं, नळ गळतोय. मग वाटलं, लांब कुठंतरी बाजार भरलाय. पुष्कळ बायका एकाच वेळी, हलक्या आवाजात, आपापल्या जागी भांडत होत्या. एकमेकींशी नव्हे. कुणी सासऱ्याला जाब विचारत होती, कुणी मुकादमाला, कुणी रेशन दुकानदाराला. वाक्य पुरं व्हायचं, आणि उत्तर आल्यासारखं थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. पलीकडे, पुरुषांच्या खोलीतही तसंच. आणि त्यात मधूनच बारीक पोरांचे आवाज, रुसलेले.

पळून जावं, असं सुग्रीवच्या पायांनी ठरवलंही होतं.

तेवढ्यात त्या गलक्यातून एक आवाज वर आला.

"पानी आमचं. वाट आमची. बिल्ला मला बांधताय? काढा आधी ह्यो."

तो दारात गेला. आत अंधूक होतं. फरशीवर घोट्याएवढं पाणी. भिंतीला लागून, ओळीने, काहीतरी बसलेलं होतं. त्याने तिकडे बघितलं आणि लगेच डोळे खाली घेतले. पाण्यात निळ्या पट्ट्यांची प्रतिबिंबं हलत होती. मनगटं दिसली तेवढी पुरे झाली.

"अंजे," तो म्हणाला.

बडबड थांबली. पाण्यात पावलं वाजली. ती दाराशी आली तेव्हा उजेड तिच्या तोंडावर पडला. ओठ फुटले होते, डोळे लाल होते, घसा बसला होता. त्या तोंडावरचा राग इतका ओळखीचा होता की सुग्रीवला रडू आलं.

"आता आलात व्हय?" ती म्हणाली. "मी वरडून वरडून मेले हितं. तुमी त्या दुसरीला संगं घिऊन गेलात. माझ्या म्होरं गेलात. तुमाला कळलं न्हाई?"

"कळलं," सुग्रीव म्हणाला. "उशिरा कळलं."

"कावून उशिरा?"

त्याने तिचा हात धरला. हात ऊन होता, तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखा. "चल," तो म्हणाला. "बघतो कोन अडवतंय ते."

७

ते दोघं फाटकाकडे चालत आले. अंजना वाटभर बोलत होती आणि सुग्रीव जन्मात पहिल्यांदा तिच्या बरोबरीने बोलत होता. भागवतरावाला काय विचारायचं, तहसीलदाराला काय विचारायचं, सभा पुन्हा बोलवायची, संस्कृतीला साक्षीला घ्यायचं. त्याचा आवाज त्यालाच नवा वाटत होता. चांगला खणखणीत होता.

फाटकाच्या यंत्रापुढे त्याने मनगट धरलं. दिवा लाल झाला. अंजनाने धरलं. लाल. त्याने दांडी हलवून पाहिली. ती जाम होती.

"संस्कृती," त्याने हाक मारली. "ए पोरी, उघड."

खिडकी हाकेच्या अंतरावर होती. संस्कृती कुणाशी तरी बोलत होती. खिडकीच्या बाहेरच्या बाजूला एक म्हातारा उभा होता, पाठमोरा. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं. पटका सुटून खांद्यावर आला होता.

"सापडला का काका पट्टा?" ती त्याला विचारत होती.

"न्हाई. असू द्या," म्हातारा म्हणाला. "माझीच चूक झाली. तुमाला उगं तरास दिला, ताई."

सुग्रीवने तो आवाज ओळखला. आयुष्यभर तो त्याच आवाजात बोलत आला होता.

"तुमचाही पट्टा दिसत नाही हातात," संस्कृती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. ती त्या मोकळ्या मनगटाकडे बघत राहिली, मग पडद्याकडे, मग पुन्हा मनगटाकडे. क्षणभर तिने मान वळवून थेट फाटकाकडे पाहिलं. सुग्रीवने दांडीवर दोन्ही मुठी आपटल्या. ती त्याच्याकडेच बघत होती. मग तिने डोळे मिटले, उघडले, आणि पडदा बंद केला.

"या काका," ती म्हणाली. "सांभाळून जा."

म्हाताऱ्याने तिला हात जोडले आणि तो रस्त्याला लागला. रस्त्याच्या पलीकडे, लिंबाखाली, मेंढरं घेऊन एक बाई उभी होती. तिने पदर डोक्यावरून घेतला होता. दोघं एकमेकांशी काही बोलले नाहीत. मेंढरांना ओढ्याच्या वाटेला लावून ती दोघं शेजारी शेजारी चालायला लागली. मेंढरं माना खाली घालून त्यांच्या मागे निघाली. एक कोकरू मात्र फाटकाकडे तोंड करून मागेच राहिलं, ओरडत राहिलं. मग त्या बाईने त्याला उचलून घेतलं, आणि ते गप्प झालं.

"वरडा," अंजना त्याच्या शेजारून म्हणाली. "मी एकटीच वरडत व्हते इतके दिस. आता तुमी बी वरडा."

सुग्रीवने छाती भरून श्वास घेतला आणि भागवतरावांचं नाव घेऊन बोलायला सुरुवात केली. मागे, तळ्यावर, भोंगा वाजला.